आधी भरतीची वेळ, मग चर्च: इंग्लंडच्या खेड्यांत आणि किनाऱ्यावर कसे फिरावे

विदर्भातल्या पुष्कळ खेड्यांतून आता एखाद्या घरची मुलगी किंवा मुलगा इंग्लंडात नोकरीला असतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेला की आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जाऊन राहतात. लंडन आठ-दहा दिवसांत पाहून होते. त्यानंतर मुले कामावर आणि आपण खिडकीत, असे दिवस सुरू होतात. अशा रिकाम्या दिवसांत खेड्यांतली जुनी चर्च आणि जवळचा समुद्रकिनारा पाहणे हा कमी खर्चाचा आणि आपल्या वयाला झेपणारा उद्योग आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि आमचे हे कास्तकार आहेत. राहणार वाशीम जिल्ह्यातले. मुलीकडे नॉरिचला दोन उन्हाळे काढले, त्यात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफक परगण्यातली चर्च आणि किनारा पायाखाली घातला. पुढील सूचना त्या अनुभवावर आधारलेल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना आम्ही चूक करून शिकलो. ब्लेकनी नावाचे एक जुने बंदरगाव आहे. तिथले चर्च टेकाडावर आहे आणि धक्का खाली खाडीकाठी. आमच्या जावयांनी मोटार धक्क्यालगतच्या वाहनतळावर लावली. सकाळची वेळ, खाडीत चिखल, होड्या एका कुशीवर कलंडलेल्या, पाण्याचा कुठे पत्ता नाही. आम्ही वर चर्चमध्ये गेलो आणि खांब न्याहाळण्यात दोन तास कसे गेले ते कळले नाही. परत येऊन पाहतो तो वाहनतळाचा अर्धा भाग पाण्याखाली, आमच्या मोटारीची चाके निम्मी बुडालेली, आणि एक म्हातारे गृहस्थ दुरून हात हलवून आम्हालाच बोलावत होते. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. मोठ्या भरतीला इथे पाणी चढते, अशी सूचना तिथेच लिहिलेली होती. ती वाचण्याचे काम आमच्यापैकी प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले होते. मोटार वाचली, पण त्या दिवसापासून आम्ही क्रम बदलला: आधी भरतीची वेळ पाहायची, मग चर्च ठरवायचे.

भरती-ओहोटीचे गणित

आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणारी माणसे, त्यामुळे भरती-ओहोटी आपल्याला पुस्तकातून माहीत असते, अंगवळणी पडलेली नसते. थोडक्यात सांगायचे तर, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्यानंतर एक-दोन दिवसांत भरती सर्वांत मोठी असते, ओहोटीही सर्वांत खोल जाते. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास फरक सर्वांत कमी असतो. आपल्या भिंतीवरचे पंचांग म्हणूनच इंग्लंडातही कामाला येते: जाताना त्याची पाने मोबाइलमध्ये टिपून न्यावीत, मोठ्या भरतीचे दिवस त्यावरून आधीच कळतात. नेमकी वेळ मात्र त्या त्या बंदराच्या तक्त्यावरूनच घ्यावी, कारण शेजारच्या दोन बंदरांच्या वेळांतही फरक असतो. आणखी एक खाच अशी की काही छापील तक्ते ग्रीनिच वेळेत असतात, आणि मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इंग्लंडातली घड्याळे एक तास पुढे असतात. तक्त्यावर कोणती वेळ धरली आहे ते वाचून, लागल्यास एक तास मिळवावा.

पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत सर्वांत झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू असे ते चढते. उत्तर नॉरफकच्या किनाऱ्यावर खारट दलदल आणि नागमोडी ओहोळ यांचे मोठे जाळे आहे. तिथे पाणी समोरून लाट होऊन येत नाही, तर पाठीमागच्या ओहोळांतून मुकाट्याने भरते, आणि वाळूच्या उंचवट्यावर शिंपले वेचीत बसलेल्या माणसाची परतीची वाट बंद होते. वेल्स गावच्या किनाऱ्यावर याच कारणासाठी भरती येऊ लागली की भोंगा वाजवतात. तो ऐकू आला की फोटो काढण्यात वेळ न घालवता गावाच्या बाजूला यावे. कोणी अडकलेले दिसले तर स्वतः पाण्यात न उतरता ९९९ वर फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावा.

दिवसाची आखणी यावरून आपोआप होते. समजा, भरती सकाळी दहाला आहे. तर सकाळ चर्चमध्ये घालवावी, दहाच्या सुमारास उंच जागेवरून खाडी भरताना पाहावी (तासाभरापूर्वी चिखलात लोळणाऱ्या होड्या उभ्या राहतात, ते दृश्य पाहण्यासारखे असते), जेवून दोनच्या सुमारास ओसरत्या पाण्यामागे किनाऱ्यावर जावे, आणि चारच्या पुढे पूर्ण ओहोटी होण्याआधीच परत फिरावे. भरती दुपारी असेल तर क्रम उलटा. नॉरफकच नव्हे, कुठेही हाच नियम लागू आहे. उत्तरेकडील लिंडिसफार्न बेटाचा रस्ता तर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि तिथे वेळ न पाहता मोटार घालणारे दरवर्षी अडकतात.

गाव निवडणे आणि तिथे पोचणे

एकट्या नॉरफकमध्ये मध्ययुगातली साडेसहाशेहून अधिक चर्च आहेत. त्यामुळे ‘कोणते पाहावे’ यापेक्षा ‘दिवसाला किती’ हा प्रश्न आधी सोडवावा, आणि त्याचे माझे उत्तर दोन असे आहे. तिसऱ्या चर्चमध्ये आपण नुसते आत जाऊन बाहेर येतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे नारिंगी मुखपृष्ठाचे ‘एक्सप्लोरर’ नकाशे विकत घ्यावेत. त्यात एका किलोमीटरला चार सेंटिमीटर असे प्रमाण असते, आणि २५१ क्रमांकाच्या नकाशात ब्लेकनी, क्लाय, वेल्स हा सगळा भाग येतो. काळ्या चौकोनावर क्रूस म्हणजे मनोऱ्याचे चर्च, काळ्या वर्तुळावर क्रूस म्हणजे निमुळत्या शिखराचे किंवा घुमटाचे, आणि नुसता क्रूस म्हणजे दोन्ही नसलेले. हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांच्या हक्काच्या पायवाटा. या वाटा खाजगी शेतांतून जातात, तरी त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांना असतो. खांबावरचा पिवळा बाण ही त्यांची खूण. पहिल्या दिवशी आमचे हे बाण पाहून म्हणाले, “हे तं आपल्या पांदणीसारखंच हाय.” फरक इतकाच की आपली पांदण दोन वावरांच्या मधून जाते आणि तिथली पायवाट पुष्कळदा उभ्या गव्हाच्या ऐन मधून. कायद्याने ती वाट मोकळी ठेवणे शेतकऱ्यावर बंधनकारक आहे, तरी ओंब्यांना मांडी लागते आहे हे पाहून कास्तकाराचा जीव खालीवर होतो. ह्यांनी पहिले दोन दिवस धुऱ्याधुऱ्याने वळसे घातले. तसे करणे म्हणजे उलट वाट सोडणे होय, हे मुलीने समजावल्यावर ते गव्हातून चालू लागले. फाटक जसे होते तसे परत लावावे. वासरे असलेल्या गाईंच्या कळपापासून लांब राहावे.

नॉरिचहून क्रोमर आणि शेरिंगमला रेल्वे जाते, प्रवास सुमारे तासाभराचा. पुढे किनाऱ्याने बस आहेत. खेड्याच्या थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, संध्याकाळची शेवटची बस आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर सुटते, आणि रविवारी काही मार्गांवर बसच नसते. मोटार चालवायची असल्यास आपला भारतीय परवाना पाहुण्याला १२ महिन्यांपर्यंत चालतो आणि रस्त्याची बाजूही डावीच आहे. पण दोन्ही बाजूंना उंच कुंपण असलेल्या एका गाडीच्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की मागे घेण्याची तयारी ठेवावी, आणि शेताच्या फाटकासमोर गाडी कधीही लावू नये.

गावांची नावे हा स्वतंत्र विषय आहे. स्पेलिंगवरून ‘हॅप्पिसबर्ग’ वाटणारे गाव बोलताना ‘हेझब्रा’ असते, ‘विमोंडहॅम’ दिसणारे ‘विंडम’ असते, आणि ‘सॅल’ किंवा ‘साले’ असे वाचावेसे वाटणारे ‘सॉल’. बसचालकाला विचारण्यापूर्वी उच्चार घरातल्या कोणाकडून करून घ्यावा, नाहीतर नकाशावर बोट ठेवून दाखवावे.

दार

खेड्यातल्या चर्चचे दार बहुधा दक्षिणेला, एका छपरी देवडीच्या आत असते. ते जुन्या वाड्याच्या दारासारखे जाड लाकडी असते आणि त्याला मूठ नसून लोखंडी कडी असते. आम्ही पहिल्या चर्चला ढकलून पाहिले, ओढून पाहिले, कुलूप आहे असे समजून परत फिरलो. ती कडी फिरवावी लागते: कडी वळवली की आतला खटका उचलला जातो, आणि मग खांदा लावून दार लोटावे लागते. आत पाय टाकताना खाली पाहावे. शतकानुशतके दफने होऊन बाहेरची जमीन उंच झालेली असते, त्यामुळे आत पुष्कळदा एक-दोन पायऱ्या खाली उतरावे लागते, आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

खरोखरच कुलूप असेल तर देवडीतल्या फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते लिहिलेले असते. फोन करण्यास संकोचू नये. आम्हाला किल्ली देणारी माणसे बहुतेक आपल्या वयाची निघाली, आणि कोणीतरी इतक्या दूरचे आपले चर्च पाहायला आले याचे त्यांना अप्रूपच वाटले. शनिवारी लग्न किंवा एखाद्या दिवशी अंत्यविधी चालू असेल तर बाहेरच थांबावे. रविवारची प्रार्थना मात्र कोणालाही खुली असते. मागच्या बाकावर बसावे, इतर उठले की उठावे. एका धर्मगुरूकडे आता अनेक गावे असतात, त्यामुळे प्रार्थना दर रविवारी त्याच चर्चमध्ये असेलच असे नाही.

चपला-बूट काढायचे नसतात. हे मुद्दाम सांगते, कारण आपला हात आपोआप पायाकडे जातो आणि तिथली फरशी जूनमध्येही बर्फासारखी गार असते. चिखलाचे बूट मात्र देवडीत ठेवावेत. पुरुषांनी टोपी काढावी. फरशीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या असतात, त्यांवर पाय देणे आपल्याला जड जाते. तिथले लोक देतात, आपण कडेने गेले तरी कोणी काही म्हणत नाही. बाकांखाली किंवा हुकांना लटकवलेल्या भरतकामाच्या उशा गुडघे टेकण्यासाठी असतात, बसण्यासाठी नव्हे. त्या बहुतेक गावच्या बायांनी हाताने भरलेल्या असतात. आपल्याकडच्या गोधड्यांसारखे प्रत्येकीचे टाके वेगळे. मनोऱ्याखाली लोंबणाऱ्या, लोकरी पट्ट्यांच्या दोरांना हात लावू नये. वरची घंटा शेकडो किलोंची असते आणि ती उलटी करून ठेवलेली असल्यास दोर माणसाला उचलून आपटू शकतो.

आत काय पाहावे

आधी मधोमध उभे राहून दिशा ठरवावी. वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला, दाराजवळचे दगडी कुंड बाप्तिस्म्याचे. एवढे कळले की कोणत्याही चर्चमध्ये हरवल्यासारखे होत नाही. गाभारा आणि सभामंडप हा भेद आपल्याला नवा नाही.

मग भिंत पाहावी, आणि शक्य असेल तर बाहेरून, हाताच्या अंतरावरून. लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा मार्कंड्याची देवळे पाहिलेल्या माणसाला नॉरफकची भिंत चमत्कारिक वाटते. आपल्याकडे घडीव दगडावर घडीव दगड नेमका बसवलेला असतो. तिथे चांगला इमारती दगडच नाही. चुनखडीच्या थरांत सापडणारी गारगोटी तेवढी आहे: बटाट्याएवढी, रताळ्याएवढी, वरून पांढरट सालीची, आणि फोडली की आतून काळी, काचेसारखी गुळगुळीत. अशा गोट्यांना कोन नाहीत, म्हणून त्या चुन्याच्या भरपूर गाऱ्यात रोवून भिंत उभी केलेली असते. कोपऱ्याला लागणारा घडीव दगड दुरून, पाण्याच्या वाटेने आणावा लागे. नॉरिचच्या कॅथेड्रलसाठी तर तो समुद्रापलीकडच्या, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून, काँ येथून आला. नॉरफकमध्ये शंभराहून अधिक चर्चना गोल मनोरे आहेत, आणि गोलाला कोपरे लागत नाहीत, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते अभ्यासकांना सर्वस्वी मान्य नाही, पण घर बांधलेल्या माणसाला लगेच पटते. पुढे पैसा आल्यावर गारगोट्या फोडून त्यांची काळी बाजू बाहेर ठेवण्याची आणि पांढऱ्या दगडाच्या चौकटीत त्या जडवण्याची कला वाढली. अशा भिंतीवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की ती ओली असल्यासारखी चमकते.

हा पैसा लोकरीचा. चौदाव्या-पंधराव्या शतकात हा परगणा लोकरीवर आणि कापडावर श्रीमंत झाला. आपण सुटासाठी ‘वर्स्टेड’ कापड घेतो, ते नाव इथल्या ‘वुस्टेड’ या खेड्याचे. तिथले १३७९ साली सुरू झालेले चर्च आजच्या गावाच्या मानाने अवाढव्य आहे, आणि रेल्वे स्थानकावरून पायी जाता येते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला आणि त्यावर आपल्याकडे जे वाडे, पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांची आठवण मला तिथे झाली. सॉलला तर चार घरे आणि आकाशाला भिडलेले चर्च. शेजारच्या कॉस्टनला लाकडी छताच्या तुळयांच्या टोकांवर पंख पसरलेले देवदूत उभे आहेत. मान दुखत असेल तर हातात छोटा आरसा धरून त्यात छत पाहावे. ही युक्ती मला फार उपयोगी पडली.

खिडक्यांवरून काळ ओळखता येतो. अर्धगोल कमान असेल तर अकरावे-बारावे शतक, म्हणजे आपल्या जुन्या दगडी देवळांचा काळ. उंच, अरुंद, टोकदार असेल तर तेरावे. टोकाशी दगडाची नागमोडी जाळी असेल तर चौदावे. आणि भिंतभर मोठी, सरळ उभ्या दांड्या वरपर्यंत गेलेली असेल तर बहुधा पंधरावे, म्हणजे इकडे गाविलगडावर बहामनी राजवट होती तो काळ. एकाच चर्चमध्ये चारही प्रकार सापडतात, कारण ही चर्च एकदा बांधून झालेली नाहीत.

गाभाऱ्यापुढच्या लाकडी पडद्यावर संतांची रंगीत चित्रे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचे चेहरेच खरवडलेले दिसतात. आठव्या हेन्री राजाने १५३४ साली रोमच्या पोपशी संबंध तोडला, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत मूर्ती व चित्रे काढण्याचे हुकूम निघाले, भिंतींवरची चित्रे चुन्याने पोतली गेली. शंभर वर्षांनी, १६४३-४४ मध्ये, विल्यम डाउझिंग नावाचा अधिकारी सफक आणि केंब्रिजशायर या शेजारच्या परगण्यांतली चर्च एकेक करून फिरला आणि उरलेसुरले फोडीत गेला. रॅनवर्थचा पडदा मात्र आश्चर्यकारकरीत्या टिकला आहे आणि तो चुकवू नये. तिथल्या मनोऱ्यावर जाता येते. ८९ पायऱ्या, पुढे दोन शिड्या आणि एक झडप, असा मार्ग आहे. मी खालीच थांबले.

आता ब्लेकनीचे ते खांब, ज्यांच्यापायी आमची मोटार बुडत होती. दक्षिणेकडच्या खांबांवर, हाताला पोचेल इतक्या उंचीवर, मध्ययुगातल्या लोकांनी टोकदार वस्तूने ओरखडून गलबते काढलेली आहेत. समोरून पाहिले तर काही दिसत नाही. मोबाइलचा दिवा खांबाला जवळजवळ चिकटवून, प्रकाश आडवा जाईल असा धरावा. मग एकदम डोलकाठी दिसते, तिच्यावरून उतरणारे दोर, खाली वळणदार तळ. हे चर्च खलाशांचा रक्षक मानल्या गेलेल्या संत निकोलसचे आहे. कोणी सुखरूप परतल्यावर काढली, कोणी निघताना, हे दगडावर लिहिलेले नाही. बोट फिरवू नये, कागद घासून ठसा घेऊ नये. याच चर्चला पूर्वेकडे एक दुसरा, बारीक मनोरा आहे. त्यात दिवा लावून जहाजांना वाट दाखवीत असत, असे सांगितले जाते. बंदर गाळाने भरले आणि आज मोठे जहाज तिथवर येत नाही. शेजारच्या क्लायचीही तीच गत: समुद्र दूर, चर्च मोठे, आणि त्याच्या दक्षिण बाजूचा एक भाग छपराविना उभा.

बाहेर पडल्यावर देवडीच्या आसपास दक्षिण भिंतीवर तळहाताएवढे एखादे ओरखडलेले वर्तुळ आणि मधोमध छिद्र दिसते का, ते पाहावे. छिद्रात काडी खोचून सावलीवरून प्रार्थनेची वेळ ठरवीत. भिंतीवरच्या संगमरवरी स्मृतिपाट्यांतून भारतात मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे पुष्कळदा भेटतात. आपल्या कामठीला तेव्हाचे इंग्रज ‘कॅम्प्टी’ लिहीत आणि अचलपूरला ‘एलिचपूर’, हे लक्षात ठेवून वाचावे. थडग्यांवरचे शेवाळ खरवडू नये, आणि आवारातल्या काळपट हिरव्या ‘यू’ वृक्षाची पाने-बिया नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण त्या विषारी असतात.

किनारा

किनाऱ्याचे दोन प्रकार करावेत. ब्लेकनी, वेल्स, होल्कम इकडे सपाट वाळू आणि दलदल. तिथला धोका पाण्याचा, तो वर सांगितला. पूर्वेकडे हेझब्राच्या बाजूला मातीचे कडे. तिथला धोका मातीचा. हे कडे आपल्याकडच्या नदीच्या दरडीसारखे ढासळतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. कड्याच्या टोकाशी उभे राहू नये, आणि सावली मिळते म्हणून पायथ्याशी बसून डबा सोडू नये. हेझब्राला घरे आणि रस्ता समुद्रात गेलेले आहेत. तिथल्या चर्चचा ११० फुटी मनोरा आणि १७९० चे दीपगृह अजून उभे आहे. याच किनाऱ्यावर २०१३ साली वाळू वाहून गेल्यावर आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची मानवी पावले उघडी पडली आणि काही दिवसांतच लाटांनी पुसली गेली.

खाली सफकमध्ये डनिच आहे. मध्ययुगातले हे भरभराटीचे बंदर १२८६ च्या वादळापासून समुद्राने खात आणले. शेवटचे मोठे चर्च कड्यावरून तुकड्या-तुकड्यांनी कोसळत गेले आणि १९१९ मध्ये त्याचा मनोरा पडला. पाण्याखालून घंटा ऐकू येतात, असे तिथले लोक सांगतात. अप्पर वर्धा धरणात गाव गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पोहण्याचा मोह असल्यास लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच उतरावे आणि लाल निशाण असेल तर उतरूच नये. ऑगस्टमध्येही पाणी आपल्या पौषातल्या विहिरीपेक्षा गार असते. मी घोट्यापर्यंतच गेले. सील हे समुद्री प्राणी पाहायचे असल्यास मॉर्स्टनच्या धक्क्यावरून ब्लेकनी पॉइंटकडे होड्या जातात, त्यांच्याही वेळा भरतीवर ठरतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा करड्या सीलच्या पिल्लांचा काळ. वाळूवर एकटे पिल्लू दिसले म्हणून जवळ जाऊ नये. उन्हाळ्यात दोऱ्या बांधून वेगळे केलेले भाग वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी असतात.

अंगावर आणि डब्यात

वारा हा तिथला खरा हवामान विभाग आहे. जूनमध्ये नॉरिचला ऊन पडलेले असते आणि किनाऱ्यावर कानटोपी लागते. छत्री उलटी होते, म्हणून टोपीचे विंडचीटर घ्यावे. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असल्याने वेळेचा अंदाज चुकतो आणि बस चुकते, हेही ध्यानात ठेवावे.

शाकाहारी माणसाने दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी चटणी बरोबर ठेवावी. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होते ते संध्याकाळीच उघडते. सालीसकट भाजलेला बटाटा आणि चीज हा पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतो. उन्हाळ्यात काही चर्चमध्ये गावकरी चहा-केक विकतात आणि ते पैसे छपराच्या दुरुस्तीला जातात. केकमध्ये अंडे असते, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावे. खेड्यातल्या पुष्कळ चर्चमध्ये स्वच्छतागृह नसते. बसस्थानक किंवा किनाऱ्यावरचे सार्वजनिक स्वच्छतागृह दिसले की गरज नसली तरी जाऊन यावे, हा सल्ला तरुणांना हास्यास्पद वाटेल.

प्रवेशाला सहसा पैसे लागत नाहीत, पण भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी किंवा कार्ड टेकवण्याचे यंत्र दाराजवळ असते. एक-दोन पौंड अवश्य टाकावेत, कारण दुरुस्तीचा भार बराचसा त्या खेड्यावरच पडतो. शेजारी अभिप्रायाची वही असते. तीत मराठीत लिहावे, खाली इंग्रजीत गाव आणि जिल्हा लिहावा, पूर्ण पत्ता किंवा फोन देऊ नये. बाहेर पडताना आधी जाळीचे दार ओढावे; ते उघडे राहिले की पाकोळ्या आत शिरतात आणि वाट न सापडून पाण्यावाचून मरतात. मग मोठे दार लावावे, कडी फिरवून सोडावी, आणि आत खटका पडल्याचा आवाज आला की मगच पाऊल उचलावे.